विक्री इराणमध्ये नाही : परदेशस्थ इराणी लेखन आणि आपण

इ. स. १९३६ मध्ये सादिक हेदायत हे इराणी लेखक मुंबईस आले. पारशी विद्वान बहरामगोर अंकलेसरिया यांच्याकडे त्यांनी पहलवी भाषेचे धडे घेतले आणि येथेच आपली 'बूफ-ए-कूर' म्हणजे 'आंधळे घुबड' ही कादंबरी स्वतःच्या हाताने लिहून तिच्या सुमारे पन्नास प्रती चक्रमुद्रित केल्या. आधुनिक फारसी साहित्यातील सर्वांत गाजलेली ही कादंबरी अशा रीतीने प्रथम तेहरानला नव्हे, आपल्या मुंबईत निघाली. तिच्यावर एक सूचना होती. ही प्रत इराणमध्ये विकण्यासाठी नाही, अशा आशयाची. रझाशाहच्या सेन्सॉरचा तो काळ होता. १९४१ मध्ये रझाशाहला गादी सोडावी लागली, त्यानंतरच ही कादंबरी तेहरानच्या एका वृत्तपत्रातून क्रमशः छापली गेली.

परदेशस्थ इराणी लेखकांच्या पुस्तकांचा विचार करताना मला ही सूचना प्रथम आठवते. हेदायत यांना मुंबईत लिहिण्याची मोकळीक मिळाली, पण वाचक मिळाला नाही. ज्यांच्याविषयी लिहिले ते दूर राहिले, आणि जेथे छापले तेथे फारसी जाणणारे मूठभर. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे बोलण्याची परवानगी एवढाच अर्थ आपण सहसा घेतो. परंतु कोणासमोर बोलायचे, हा प्रश्नही त्यात असतो. वाचक बदलला की लेखन बदलते. सरकारची कात्री चुकवून परदेशी गेलेल्या लेखकाला तेथे दुसरी एक कात्री भेटते. ती त्याने कशी हाताळली, यावरून त्याच्या पुस्तकाची पारख करावी असे माझे मत आहे. ही पारख करण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांतील तीन पुस्तके येथे घेत आहे.

पहिले अझर नफिसी यांचे 'रीडिंग लोलिता इन तेहरान'. नफिसी तेहरानमध्ये इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक होत्या. विद्यापीठ सोडल्यावर १९९५ पासून दोन वर्षे त्यांनी सात विद्यार्थिनींना दर गुरुवारी घरी बोलावून नाबोकोव्ह, जेन ऑस्टिन, हेन्री जेम्स शिकवले. १९९७ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि २००३ मध्ये हे पुस्तक आले. दाराशी चादर आणि ओढणी उतरवून ठेवणाऱ्या मुली, चहा, खिडकीबाहेरचे डोंगर, आणि कादंबरीच्या निमित्ताने हळूहळू सुटत जाणाऱ्या मनाच्या गाठी, हे सारे नफिसी यांनी फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. 'ग्रेट गॅट्स्बी' या कादंबरीवर वर्गात खटला चालवण्याचा प्रसंग तर साहित्य शिकवणाऱ्या कोणीही वाचावा असा आहे.

या पुस्तकावर मोठा वाद झाला. कोलंबिया विद्यापीठातील इराणी प्राध्यापक हमीद दबाशी यांनी २००६ मध्ये त्यावर कडाडून टीका केली. अमेरिका इराणवर डोळे वटारून बसली असताना असे पुस्तक तिच्या हाती कोलीत देते, असा त्यांचा रोख होता. १९९७ पर्यंतच्या अनुभवांवर लिहिलेल्या पुस्तकाला पुढच्या राजकारणासाठी लेखिकेच्या हेतूपर्यंत जाऊन जबाबदार धरणे मला पटत नाही. मात्र दबाशींनी दाखवलेली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ओढणी घेतलेल्या, खाली पाहणाऱ्या दोन तरुणी आहेत. मूळ छायाचित्रात त्या वर्तमानपत्र वाचत आहेत. इराणमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये संसदेची निवडणूक झाली, त्या वेळचे ते छायाचित्र. मुखपृष्ठ करताना चित्र वरच कापले आणि वर्तमानपत्र गेले. निवडणुकीची बातमी वाचणाऱ्या दोन नागरिक स्त्रियांच्या जागी ओढणीखाली मान झुकवलेल्या दोन मुली तेवढ्या उरल्या.

मुखपृष्ठ प्रकाशकाचे असते, लेखिकेचे नव्हे, हे खरे. पण तशीच एक काटछाट पुस्तकाच्या आतही आहे. फातेमेह केशावर्झ यांनी २००७ मध्ये 'जस्मिन अँड स्टार्स' या पुस्तकात ती सौम्य शब्दांत दाखवून दिली. नफिसींच्या तेहरानमध्ये फारसी लेखिका जवळजवळ नाहीत. फरोग फर्रुखजाद यांच्यासारख्या कवयित्रीच्या भाषेत वाढलेल्या मुलींना मनाची वाट सापडते ती केवळ इंग्रजी कादंबऱ्यांतून. धर्म मानणारी, पण समजूतदार माणसे फारशी दिसत नाहीत. केशावर्झ यांचा आक्षेप मला दबाशींच्या आरोपापेक्षा वजनदार वाटतो, कारण तो पुस्तकात काय आहे आणि काय नाही यावर उभा आहे. नफिसींनी सांगितलेले दुःख खोटे नाही. पण चित्र एका बाजूने कापलेले आहे, आणि कापलेली बाजू हीच त्या देशाची स्वतःची ताकद होती.

दुसरे पुस्तक मर्जान सत्रापी यांचे 'पर्सेपोलिस'. काळ्या-पांढऱ्या चित्रांतून सांगितलेले हे आत्मचरित्र पॅरिसमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत फ्रेंचमध्ये निघाले. २००७ मध्ये त्यावर चित्रपटही आला. क्रांतीच्या वेळी दहा वर्षांची असलेली तेहरानची मुलगी, चौदाव्या वर्षी व्हिएन्नाला एकटी पाठवलेली, परत आलेली आणि १९९४ मध्ये कायमची फ्रान्सला गेलेली. येथे राजकारण घरातून दिसते. आईवडील तुर्कस्तानहून येताना कोटाच्या अस्तरात पोस्टर शिवून आणतात. गरीब घरच्या मुलांच्या हाती जन्नतच्या किल्ल्या म्हणून सोनेरी रंग दिलेल्या प्लास्टिकच्या किल्ल्या देऊन त्यांना आघाडीवर धाडतात. क्षेपणास्त्र पडून शेजारचे यहुदी कुटुंब ढिगाऱ्याखाली जाते. ते क्षेपणास्त्र सद्दामचे, आणि सद्दामच्या पाठीशी त्या काळी कोण होते हेही सत्रापी झाकून ठेवत नाहीत.

या पुस्तकातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र लहानसा आहे. व्हिएन्नाहून परतलेली मर्जान ओठांना लाली लावून रस्त्यावर उभी असते. गस्तीची गाडी येताना दिसते. आपल्यावरचे लक्ष उडावे म्हणून ती शेजारी बसलेल्या एका निरपराध माणसाकडे बोट दाखवते, याने मला घाणेरडे बोलले म्हणून. ते त्याला घेऊन जातात. घरी येऊन ती हा किस्सा आजीला हसत सांगते, आणि आजी खवळते. जुलमाखाली राहणारा माणूस आपोआप निष्पाप होत नाही, त्या जुलमाचा वापर तोही करू शकतो. परदेशी वाचकाची वाहवा हवी असती तर हा प्रसंग गाळणे सोपे होते. सत्रापी यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःला उभे केले, म्हणून त्यांनी इतरांवर केलेले आरोपही विश्वासार्ह होतात. व्हिएन्नात इराणी असण्याची लाज वाटून आपण फ्रेंच आहोत अशी थाप मारल्याचेही त्या लिहितात.

आणखी एक नोंद केली पाहिजे. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या सरकारी शाळांच्या प्रशासनाने हेच पुस्तक सातवीच्या वर्गांतून काढून घेण्याचे आदेश दिले. कारण त्यातील छळाची चित्रे. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. म्हणजे कात्री तेथेही आहे, फक्त तिच्याविरुद्ध ओरडता येते, आणि हा फरक लहान नाही. जानेवारी २०२५ मध्ये सत्रापी यांनी फ्रान्सचा 'लेजिअन दॉनर' हा सन्मान नाकारला. स्वातंत्र्य मागणाऱ्या इराणी तरुणांना व्हिसा मिळत नाही, मग तुमचा पाठिंबा कसला, हा त्यांचा सवाल होता. ज्यांनी आसरा दिला त्यांनाही त्यांनी सूट दिली नाही.

तिसरे पुस्तक शहरियार मंदनीपूर यांची 'सेन्सॉरिंग ॲन इराणियन लव्ह स्टोरी' ही कादंबरी. मंदनीपूर २००६ मध्ये अमेरिकेस गेले. २००९ मध्ये त्यांची ही फारसीत लिहिलेली कादंबरी इंग्रजी अनुवादात निघाली. सारा आणि दारा ही तिच्यातील नायक-नायिकेची नावे, म्हणजे क्रांतीपूर्वीच्या शालेय क्रमिक पुस्तकातील मुलांची. साधी प्रेमकथा लिहू पाहणारा लेखक सेन्सॉर काय कापेल याचा अंदाज बांधत स्वतःच वाक्यांवर रेघ मारतो, आणि त्या रेघ मारलेल्या ओळी छापील पानावर तशाच दिसतात. सेन्सॉर बाहेरच्या कचेरीत असतो त्याहून अधिक तो लेखकाच्या मनगटात असतो, हे एवढ्या खेळकरपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले मी वाचले नाही. फारसीत लिहिलेले पुस्तक फारसी वाचकाला सोडून सर्वांना मिळाले, ही मात्र हेदायत यांच्या मुंबईतील प्रतीचीच पुढची कथा. शाहचा सेन्सॉर गेला, क्रांतीचा आला, आणि सूचना तीच राहिली.

येथे आपल्या वाचकांनी एक वर्ष लक्षात ठेवावे. हेदायत मुंबईस आले त्याच १९३६ साली रझाशाहने इराणी स्त्रियांना चादर उतरवण्याची सक्ती केली. पोलीस रस्त्यात डोक्यावरचे वस्त्र ओढून काढीत. १९८३ मध्ये त्याच देशात हिजाब न घेणे हा कायद्याने गुन्हा ठरला. एकाच घरातील आजीची ओढणी काढली गेली आणि नातीच्या डोक्यावर ती बांधली गेली. दोन्ही वेळा सरकार वेगळे, भाषा वेगळी, पण त्या बाईला विचारले कोणीच नाही.

हे सारे टोकावड्यास बसून लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कल्याणहून मुरबाड, सरळगाव करीत माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. इराणी म्हणजे कल्याण-मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलातील ब्रून-मस्का, एवढीच येथील बहुतेकांची ओळख. ही पुस्तके येथवर येतात ती इंग्रजीतून आणि कोणी शहरातून आणली तर. पण इराण येथे येतोच. १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची कुर्द तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. हिजाब नीट नव्हता म्हणून तिला धरले होते. त्या आठवड्यात नाक्यावरच्या टपरीवर मला विचारण्यात आले, "काय मास्तर, तुमच्या इराणात काय चाललंय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, इराण शिया. आमच्या सात पिढ्यांत कोणी तेहरान पाहिले नाही. तरी इराण 'तुमचे' झाले.

त्याच दिवसांत सर्वोच्च न्यायालयात कर्नाटकातील शाळा-महाविद्यालयांच्या हिजाबबंदीची सुनावणी चालू होती, आणि सरकारच्या बाजूने इराणी स्त्रियांच्या लढ्याचा दाखला देण्यात आला. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचा निकाल विभागून लागला. इराणी मुली म्हणत होत्या, आमच्या डोक्यावर काय असावे हे सरकारने ठरवू नये. येथे त्यांचे वाक्य अर्धे घेतले गेले. 'सरकारने ठरवू नये' हा भाग वर्तमानपत्रासारखा कापला गेला आणि ओढणी तेवढी राहिली.

आपल्यातील अनेकजण यावरून निष्कर्ष काढतात की घरातले बाहेर बोलूच नये, कारण बाहेरचे त्याचे भांडवल करतात. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाला हा सल्ला किती वेळा ऐकावा लागतो, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. हमीद दलवाई यांची 'इंधन' १९६५ मध्ये आली तेव्हापासून हा प्रश्न आपल्या अंगणात आहे. आपण देश सोडलेला नाही. पण मराठीत लिहिताना आपल्यासमोरही दोन वाचक असतात, एक मोहल्ल्यातला आणि एक मोहल्ल्याबाहेरचा. एकाला वाटते की आपण अब्रू काढतो, दुसरा आपल्याला साक्षीदार समजतो. परदेशस्थ इराण्याची अडचण आपल्याला समजते ती यामुळे.

पण या तीन पुस्तकांनी मला उलटेच सांगितले. गप्प बसल्याने चित्र पुरे होत नाही, ते काढण्याचे काम दुसऱ्याच्या हाती जाते, एवढेच. उपाय पुरे लिहिणे हा आहे. तलाकपीडित बहिणीविषयी लिहावे, आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या भावाविषयीही. मौलवींच्या हट्टाविषयी लिहावे, आणि नाव पाहून भाड्याने खोली नाकारणाऱ्या घरमालकाविषयीही. आणि सत्रापी यांच्यासारखे स्वतःला वगळू नये. असे लिखाण कोणी कापून वापरलेच, तर कापल्याची खूण त्यावर दिसेल, कारण पुरे पुस्तक कोणालाही काढून दाखवता येईल.

त्यासाठी आपला वाचक मात्र आपल्याला हवा. हेदायत यांच्या पन्नास प्रतींना तो नव्हता, मंदनीपूर यांच्या फारसी हस्तलिखितालाही नव्हता. आपली भाषा मराठी आहे आणि आपले पुस्तक मुरबाडच्या बाजारात, कल्याणच्या स्थानकावर कायद्याने विकता येते. त्यावर कोणतीही सूचना छापावी लागत नाही. ही इराणी लेखकांना न मिळालेली गोष्ट आपल्याकडे असताना ती वापरली नाही, तर दोष सेन्सॉरचा म्हणता येणार नाही. आणि फारसीतील चांगल्या कादंबऱ्या इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून थेट मराठीत आणणारे कोणी तरुण आपल्यातून निघाले, तर फिर्याद, जमीन, सरकार हे शब्द ज्या भाषेने आपल्याला दिले, तिच्या आजच्या माणसांशी आपली ओळख 'तुमचे इराण' या दोन शब्दांच्या पुढे जाईल.