छत्तीस की एकवीस?

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या शाळांच्या सहली तेथे जातात. त्याच विद्यार्थ्यांना दहावीत संभाव्यता शिकवताना दोन फाशांचे ३६ जोड फळ्यावर लिहून दिले जातात आणि लगेच उदाहरणांकडे वळले जाते. या रीतीविषयी आमची तक्रार आहे.

उत्तराविषयी नाही, ३६ बरोबरच आहेत. पण फासे दोन्ही सारखे, टाकले एकदम, मग (३, ४) आणि (४, ३) वेगळे का? असे विचारणाऱ्या चौकस विद्यार्थ्याला ‘येथे क्रम महत्त्वाचा’ एवढे सांगून खाली बसवले जाते. हे काही कारण नव्हे. क्रम सोडून मोजल्यास २१ निष्पत्ती मिळतात (लेण्याचा क्रमांकही तोच, हा योगायोग) आणि ती यादीही खोटी नाही. मात्र त्या निष्पत्ती समसंभाव्य नाहीत. ३ व ४ हे अंक दोन रीतींनी पडतात, ३ व ३ एकाच रीतीने. ‘अनुकूल भागिले एकूण’ हे सूत्र समसंभाव्य निष्पत्तींनाच लागू पडते. एक फासा लाल रंगवून पाहा: जोड वेगळे दिसू लागतात, आणि रंगामुळे फाशाचे पडणे तर बदलत नाही.

येथे थोरही घसरले आहेत. दोन फाशांवर ११ आणि १२ या बेरजा सारख्याच शक्य आहेत, असे लायब्निट्सने मानले होते. गॅलिलिओ सावध निघाला. तीन फाशांवर ९ आणि १० या बेरजा प्रत्येकी सहा प्रकारे होतात, तरी १० अधिक वेळा पडते. क्रम मोजून त्याने २१६ पैकी २५ आणि २७ हे आकडे काढले.

वर्गात तीस जणांनी बारा-बारा वेळा दोन फासे टाकावेत. ३६० वेळांत दोन्हींवर सारखा अंक सुमारे ६० वेळा यावा. २१ निष्पत्ती समसंभाव्य असत्या तर सुमारे १०३ वेळा. प्रत्यक्षात ५४ किंवा ६७ आले तरी निकाल स्पष्टच राहतो, आणि एका तासिकेत लागतो.

हा निकाल फाशांपुरता आहे, हेही सांगावे. १९२४ साली ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची गणना क्रम न मानता केली आणि प्लांकचे प्रारणाचे सूत्र मिळवले. प्रकाशकणांना लाल रंग देता येत नाही. सारख्याच ऊर्जेच्या सहा अवस्थांत असे दोन कण ठेवायचे तर प्रकार २१च, आणि तेथे ते सगळे समसंभाव्य.