स्वादुपिंड शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत व रक्तातील दाहदर्शक घटक : एक चिकित्सा

स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील कर्करोगासाठी व्हिपल शस्त्रक्रिया केली जाते. ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून मृत्युदर पुष्कळ घटला. परंतु स्वादुपिंड व आतडे यांच्या जोडातून होणारी पाचकरसाची गळती आजही कायम आहे. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी), प्रोकॅल्सिटोनिन यांसारख्या दाहदर्शक घटकांवरून या गळतीचे भाकीत करता येते, असे प्रतिपादन अनेक संशोधनांत आढळते. त्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सीआरपी यकृतात तयार होते. शस्त्रक्रिया हीच शरीराला झालेली इजा असल्याने ते प्रत्येक रुग्णात वाढते, साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उच्चांक गाठते आणि गुंतागुंत नसल्यास उतरू लागते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याचा चढउतार अधिक बोलका ठरतो. शिवाय तिसऱ्या दिवशी गळती सुरू झालेली असू शकते. अशा वेळी ते भाकीत नसून लवकर झालेले निदान असते.

दुसरा आक्षेप व्याख्येविषयी आहे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर निचरा-नळीतील द्रवात अमायलेजचे प्रमाण रक्तातील कमाल सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असल्यास गळती मानली जाई. २०१६ च्या सुधारणेने रुग्णावर परिणाम न करणारी गळती त्यातून वगळली. साहजिकच दोन्ही कालखंडांतील निष्कर्षांची सरसकट तुलना सदोष ठरते. तसेच ज्या रुग्णांवरून सीमामूल्य ठरविले, त्यांच्यावरच ते पडताळल्यास अचूकता फुगलेली दिसते.

उदाहरणादाखल, १०० रुग्णांपैकी १५ जणांना गुंतागुंत होते आणि चाचणीची संवेदनशीलता व विशिष्टता प्रत्येकी ८० टक्के आहे, असे मानू. चाचणी २९ जणांना धोका दाखवील. त्यांपैकी १२ जणांबाबतच तो खरा असेल. उलट, सुरक्षित ठरलेल्या ७१ पैकी ६८ खरोखर सुरक्षित असतील. तथापि तिघे निसटतील.

सारांश, या चाचण्यांचे खरे मूल्य धोका वर्तविण्यात नसून तो बऱ्याच अंशी नाकारण्यात आहे. नळी केव्हा काढावी, रुग्णाला घरी केव्हा पाठवावे, या निर्णयांत त्या साहाय्यभूत ठरतात. मात्र निसटणाऱ्या त्या तिघांसाठी रुग्णशय्येजवळील निरीक्षणाला पर्याय नाही.