'प्रतिक्रिया' या शब्दाचा अपराध

एखाद्या सूडाच्या कृत्याचें समर्थन करावयाचें झालें म्हणजे 'क्रिया तशी प्रतिक्रिया' हें वाक्य हटकून पुढें येतें, आणि त्यावर न्यूटनच्या नांवाची मुद्रा उमटविली जाते. शाळेंत शिकलेलें शास्त्रच बोलत आहे असें वाटून ऐकणाराही गप्प बसतो. हें समर्थन शास्त्राच्या नांवावर खपूं देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. म्हणून त्या शब्दाचीच थोडी चिकित्सा करूं.

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा लॅटिन ग्रंथ १६८७ सालीं प्रसिद्ध झाला. गतीचा तिसरा नियम समजावितांना त्यानें दिलेलीं उदाहरणें अगदीं साधीं आहेत. बोटानें दगड दाबला, तर दगडही बोटास दाबतो. घोडा दोरीनें दगड ओढूं लागला, तर घोडाही दगडाकडे तितकाच ओढला जातो. यांत आधीं कोण आणि मागाहून कोण? कोणीच नाहीं. दोन्ही बलें एकाच वेळीं उत्पन्न होतात व एकाच वेळीं लोपतात. त्यांपैकीं क्रिया कोणती म्हणावी व प्रतिक्रिया कोणती, हें केवळ आपल्या सोयीवर अवलंबून आहे. बोट अपराधी आणि दगड फिर्यादी, असा भेद निसर्गास ठाऊक नाहीं.

दुसरी गोष्ट, हीं दोन बलें दोन निरनिराळ्या वस्तूंवर लागतात. मेजावरील पुस्तकाचें वजन ही क्रिया व मेजाचा आधार ही प्रतिक्रिया, असें पुष्कळदा शिकविलें जातें. तें चूक होय. कारण हीं दोन्ही बलें एकाच पुस्तकावर लागलेलीं आहेत. अर्धा किलो वस्तुमानाच्या पुस्तकास पृथ्वी सुमारें ५ न्यूटन बलानें खालीं ओढते. याच्या जोडीचें बल म्हणजे तेंच पुस्तक पृथ्वीस तितक्याच बलानें वर ओढतें तें. पृथ्वीचें वस्तुमान अफाट, म्हणून ती हाललेली दिसत नाहीं, इतकेंच.

मग घोटाळा होतो कोठें? 'प्रति' या उपसर्गांत. प्रत्युत्तर, प्रतिकार, प्रतिशोध या शब्दांच्या सहवासानें 'प्रतिक्रिया' म्हणजे मागाहून दिलेला जबाब, असा समज दृढ होतो. 'प्रतिस्पर्धी' या शब्दांतही तोच उपसर्ग आहे. परंतु तेथें पहिला-दुसरा हा भाव नाहीं, दोघेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. न्यूटनच्या नियमांतील 'प्रति' या जातीचा आहे. मात्र यासाठीं मराठी परिभाषाकारांस दोष देणें न्याय्य होणार नाहीं. न्यूटनच्या मूळ लॅटिन शब्दांतही उलट कृतीचाच भाव आहे, आणि इंग्रजी बोलणारे लोकही याच शब्दानें फसतात.

शब्द आतां रूढ झाला आहे. तो बदलावा असा आमचा आग्रह नाहीं. 'अन्योन्य बलें' असें एक वेळ शिक्षकांनीं समजावून सांगितलें तरी पुरे. परंतु व्याख्यानांत व लेखांत न्यूटनला साक्षीस बोलावणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं त्याचा नियम काय घडतें तें सांगतो, काय करावें तें सांगत नाहीं. बोटाखालच्या दगडास उलट दाब न देण्याची मोकळीक नसते. अपमान झालेल्या माणसास मात्र घटकाभर थांबतां येतें, विचार करतां येतो, आणि हात आवरतांही येतो. त्यानें तो आवरला नाहीं, तर त्याची जबाबदारी त्याचीच. ती न्यूटनवर ढकलतां येणार नाहीं.