टँगोचे समाजशास्त्र : आनंद, सत्ता आणि बसून राहिलेली स्त्री

प्रस्तावना

नृत्याचा अभ्यास दीर्घकाळ रंगमंचाभोवती केंद्रित राहिला. प्रेक्षकांसाठी सादर होणारे नृत्य आणि सहभागी व्यक्तींनी स्वतःसाठी केलेले नृत्य यांत मूलभूत भेद आहे. मंगळागौरीची फुगडी जशी पाहण्यासाठी नसून घालण्यासाठी असते, तसाच सामाजिक टँगो हा मुख्यतः नाचण्यासाठी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्यूनस आयर्स आणि मोंतेव्हिदेओ या शहरांतील स्थलांतरित, कष्टकरी व आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वस्त्यांत तो घडला. २००९ साली युनेस्कोने त्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. अशा नृत्याचा पुरावा संशोधकाने कोठे शोधावा, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात तीन महत्त्वाच्या ग्रंथांची चिकित्सा केली आहे.

तीन ग्रंथ, तीन भूमिका

मार्ता साविग्लियानो यांचा ‘टँगो अँड द पोलिटिकल इकॉनॉमी ऑफ पॅशन’ (१९९५) हा ग्रंथ वासाहतिक सत्तासंबंधांच्या अंगाने टँगोकडे पाहतो. वसाहतींतून कच्चा माल न्यावा, महानगरांत त्यावर प्रक्रिया करावी व तो पुन्हा जगाला विकावा, तसेच ‘उत्कटते’चेही झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पॅरिस व लंडन येथे प्रतिष्ठा मिळाल्यावर टँगो मायदेशीही आदरणीय ठरला आणि अर्जेंटिनी समाज स्वतःकडे परक्यांच्या नजरेने पाहू लागला. हे विश्लेषण अत्यंत प्रभावी आहे. तथापि, या चौकटीत नाचणाऱ्याचा आनंद हा सत्तेने घडविलेला परिणाम ठरतो आणि तो स्वतः साक्षीदार म्हणून दुय्यम होतो.

ज्युली टेलर यांचा ‘पेपर टँगोज’ (१९९८) याच्या उलट टोकाला उभा आहे. मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या टेलर स्वतः नर्तिका आहेत. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीची दहशत, व्यक्तिगत जीवनातील हिंसा आणि टँगोमधील शरीराचा अनुभव यांचा संबंध त्या जोडतात. येथे शरीर हेच ज्ञानाचे साधन बनते. परंतु एका शरीराने जाणलेले सत्य दुसऱ्याला कसे पडताळता येईल, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

कॅथी डेव्हिस यांनी ‘डान्सिंग टँगो’ (२०१५) मध्ये या दोहोंमध्ये सेतू बांधण्याचा प्रयत्न केला आहे. ॲमस्टरडॅम आणि ब्यूनस आयर्स येथील नर्तक-नर्तिकांशी संवाद साधून, स्त्रीवादी स्त्रीने पुरुषाच्या पुढाकाराने चालणारे हे नृत्य करावे काय, असा प्रश्न त्या धीटपणे विचारतात. त्यांच्या मते, उत्कटतेला केवळ भ्रम मानणारी चिकित्सा अपुरी ठरते. ही भूमिका स्वागतार्ह आहे. मात्र उत्कट नर्तकांच्या मुलाखतींतून मुख्यतः टिकून राहिलेल्यांचाच आवाज ऐकू येतो. जे निराश होऊन निघून गेले, त्यांचा आवाज त्यात क्षीण असणे स्वाभाविक आहे.

खुर्चीवरचा पुरावा

या मर्यादेचे महत्त्व टँगोच्या संकेतांतूनच स्पष्ट होते. टँगोच्या मेळाव्याला ‘मिलाँगा’ म्हणतात. तेथे पारंपरिक पद्धतीने नृत्याचे आमंत्रण शब्दांनी दिले जात नाही. दुरून नजरानजर होते, पुरुष मान किंचित हलवतो, स्त्री रुकार देते अथवा नजर वळवते. या संकेताला ‘काबेसेओ’ असे नाव आहे. तीन-चार गीतांचा एक संच, म्हणजे ‘तांदा’, संपेपर्यंत सामान्यतः जोडी बदलत नाही. नकार कोणाला दिसत नसल्याने उभयतांची अब्रू राखली जाते आणि म्हणूनच काबेसेओ परस्परसंमतीचा सभ्य नमुना मानला जातो.

परंतु जो नकार दिसत नाही, त्याची नोंदही होत नाही. आमंत्रणाविना रात्रभर बसून राहणाऱ्या स्त्रीसाठी तेथील बोलीत ‘प्लांचार’, म्हणजे ‘इस्त्री करणे’, असे क्रियापद आहे. समाजाने ज्या अनुभवाला स्वतंत्र शब्द दिला, तो अनुभव अपवादात्मक नसतो. वय, रूप, कौशल्य आणि ओळखीपाळखी यांनुसार आमंत्रणे वाटली जातात. स्त्रीला नकाराचे स्वातंत्र्य असले तरी पुढाकाराची संधी मर्यादित असते. साविग्लियानो यांनी आपल्या नंतरच्या लेखनात या बसून राहिलेल्या स्त्रियांकडे लक्ष वळविले, हे त्यांच्या चिकित्सक दृष्टीचे लक्षण होय. सत्तेचा जो विचार पूर्वी जागतिक बाजारपेठेच्या पातळीवर झाला होता, तो येथे एका दालनातील खुर्च्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

निष्कर्ष

आनंदाला भ्रम मानणे आणि आनंदालाच अंतिम पुरावा मानणे, ही दोन्ही टोके सामाजिक नृत्याच्या संशोधनाला अपुरी पडतात. नाचणाऱ्याची साक्ष खरी असते. पण ती नृत्यभूमीवर प्रवेश मिळालेल्याची साक्ष असते. म्हणून सहभागी निरीक्षण करणाऱ्या संशोधकाने आपण किती वेळ नाचलो याबरोबरच कोण बसून राहिले, किती वेळ आणि कोणत्या संकेतामुळे, याचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. स्वेच्छेने एकत्र येणाऱ्या कोणत्याही समूहात समतेची परीक्षा अखेर वर्तुळाच्या कडेलाच होते.