‘हॉबिट’कडे आपण नेमकं काय मागितलं होतं?

डिसेंबर २०१२. ‘द हॉबिट : अ‍ॅन अनएक्स्पेक्टेड जर्नी’ लागला, त्या पहिल्याच रविवारी मी माझ्या नऊ वर्षांच्या मामेभावाला घेऊन थिएटरात गेले होते. दिवे मालवले, हॉवर्ड शोअरची शायरची ती ओळखीची धून वाजली आणि माझे डोळे भरून आले. ‘रिटर्न ऑफ द किंग’ला नऊ वर्षं उलटली होती. आपण परत घरी आलोय, असं वाटलं.

इंटरव्हलला मात्र पॉपकॉर्नच्या रांगेत मी त्याला चुकांची यादी ऐकवत होते. सशांच्या गाडीतून पळणारा तो जादूगार पुस्तकात फक्त नावापुरता आहे. हा अझॉग तर पुस्तकातली गोष्ट सुरू व्हायच्या कितीतरी आधीच मेलाय. एवढ्याशा पुस्तकाचे तीन सिनेमे करतात का कुणी? भाऊ मुकाट्याने ऐकत होता. शेवटी म्हणाला, “ताई, म्हणजे तुला नाही आवडला?” मी म्हणाले, “बरा आहे.”

गेल्या दिवाळीत गप्पा मारताना तो सहज बोलून गेला, “मला तो पिक्चर जाम आवडला होता. पण तुझ्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती.”

तो हसत म्हणाला, पण मला ते लागलं. नंतर मी सहाही सिनेमे पुन्हा बघितले आणि आपण तेव्हा नक्की कशाबद्दल चिडलो होतो, ते तपासायला बसले.

फॅन लोकांच्या ‘हॉबिट’बद्दल मुख्य तक्रारी तीन : पुस्तकाशी इमान राखलं नाही, गोष्ट ताणली आणि सगळं खोटं दिसतं. या तिन्ही तक्रारी मी स्वतः शंभर वेळा केल्या आहेत. आता एकेक बघू.

पहिली, इमानाची. ‘हॉबिट’मध्ये टॉरिएल नावाची एल्फ घुसडली, पुस्तकात नसलेला लेगोलस आणला, टॉरिएल आणि किलीचं प्रेमप्रकरण जोडलं. सगळं खरं. पण २००१ ते २००३ मध्ये आलेल्या ज्या तीन सिनेमांची आपण आरती करतो, त्यांनी काय केलं होतं? टॉम बॉम्बॅडिल पूर्ण गाळला. नदीकाठी फ्रोडोला वाचवणाऱ्या ग्लॉर्फिंडेलची जागा आर्वेनला दिली. हेल्म्स डीपच्या लढाईत एल्फांची फौज आणली, जी पुस्तकात येतच नाही. फारामिरचा स्वभाव बदलला. ऐन डोंगरकड्यावर फ्रोडो सॅमला ‘घरी जा’ म्हणतो, तो अख्खा प्रसंग पदरचा. परतलेल्या हॉबिटांना स्वतःचंच गाव सोडवावं लागतं, तो शेवटही वगळला.

पुस्तकाचे जुने वाचक तेव्हा याच्यावर खवळले होतेच. आर्वेन हेल्म्स डीपला तलवार घेऊन लढणार, अशी बातमी फुटली तेव्हा एवढा गदारोळ झाला, की तिला ‘झेना’ची उपमा देऊन टिंगल सुरू झाली. तिथे तिचे काही प्रसंग चित्रित झालेही होते, पण अंतिम सिनेमात ती लढताना दिसत नाही. टोल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर याने वडिलांचं अर्धंअधिक लेखन संपादित करून जगापुढे आणलं. त्याने तर २०१२ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत, या सिनेमांनी पुस्तकाचा गाभाच काढून तरुण पोरांसाठी मारधाडपट केला, अशा अर्थाची टीका केली. तेव्हाचा संताप आज कुणाला आठवत नाही, कारण अकरा ऑस्कर आठवतात. आणि माझ्यासारख्या अनेकांनी सिनेमे आधी बघितले, पुस्तक नंतर वाचलं. माझं इमान पुस्तकाशी नव्हतंच. ते मी चौदा वर्षांची असताना बघितलेल्या सिनेमाशी होतं.

दुसरी तक्रार ताणण्याची. ‘हॉबिट’ १९३७ साली आलं, मुलांसाठी. एकोणीस प्रकरणं, तीनेकशे पानं. त्यावर आधी दोन सिनेमे ठरले होते. जुलै २०१२ मध्ये, म्हणजे पहिला भाग लागायला जेमतेम पाच महिने उरले असताना, पीटर जॅक्सनने तीन होणार असं जाहीर केलं. तिन्ही मिळून जवळजवळ आठ तास भरतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’च्या हजारावर पानांना थिएटरात सव्वानऊ तास मिळाले होते. हे गणित मांडून मी कित्येकांना गप्प केलंय.

पण लांबी हा गुन्हा नाही. आपल्याकडे कीर्तनकार एका अभंगावर दोन तास उभा राहतो आणि लोक हलत नाहीत. प्रश्न, वाढवलेल्या वेळात काय भरलं हा आहे. पुस्तकात बुटके बंद पिंपांत कोंबलेले असतात, बिल्बो पिंपाला वरून लटकलेला असतो आणि शेवटी त्याला सडकून सर्दी होते. गंमत त्या हालांत आहे. सिनेमात पिंपं उघडी आहेत, मागे ऑर्क लागलेत आणि लेगोलस बुटक्यांच्या डोक्यांवर पाय देत नाचतोय. ते बघायला मजा येते, पण कुणाला सर्दी होईल असं क्षणभरही वाटत नाही. पुस्तकात पाच सैन्यांची लढाई ऐन रंगात असताना बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि शेवट काय झाला ते त्याला नंतर इतरांकडून कळतं. सिनेमात ती लढाई पाऊण तासाच्या आसपास चालते.

तिसरी तक्रार सर्वांत खरी, आणि तिच्याबाबतच आपण सर्वांत अन्यायाने बोललो. सगळं खोटं, प्लॅस्टिकसारखं दिसतं. याचं एक कारण तंत्राचं होतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सऐवजी ४८ फ्रेम्सनी चित्रित केला होता. एप्रिल २०१२ मध्ये थिएटरवाल्यांच्या एका संमेलनात दहाएक मिनिटांचा तुकडा दाखवला, तेव्हाच काहींनी टीव्ही मालिकेसारखं दिसतंय म्हणून नाकं मुरडली होती. चित्र इतकं स्पष्ट, की मेकअप मेकअपसारखा दिसतो.

दुसरं कारण वेळेचं. पहिल्या तीन सिनेमांच्या आधी कित्येक वर्षं तयारी चालली होती. मोठमोठी मॉडेल्स बांधली, चिलखतांच्या लाखो कड्या माणसांनी हाताने जोडल्या. ‘हॉबिट’ मुळात गिलेर्मो देल तोरो दिग्दर्शित करणार होता. काम लांबत गेलं, २०१०च्या मे अखेरीस तो बाहेर पडला आणि मार्च २०११ मध्ये जॅक्सनने चित्रीकरण सुरू केलं. शेवटच्या भागाच्या डीव्हीडीसोबत आलेल्या पडद्यामागच्या चित्रफितीत जॅक्सन दमलेला दिसतो. पुरेशी पूर्वतयारी न होता सेटवर उतरलो, बरंच काही ऐनवेळी रेटून नेलं, अशी कबुली तो त्यात देतो. जुन्या सिनेमांत गँडाल्फला मोठं आणि हॉबिटांना लहान दाखवायला कॅमेऱ्याच्या अंतराची युक्ती वापरायचे, त्यामुळे नट एकमेकांसमोर असायचे. थ्रीडीत ती युक्ती चालेना. मग इयन मॅकेलनला हिरव्या पडद्यांमध्ये एकटं बसवून, समोर बुटक्यांच्या फोटोंकडे बघत संवाद म्हणायला लावले. तो तिथे रडला होता. हे त्याने स्वतःच सांगितलंय.

आपण मात्र म्हणत होतो, जॅक्सनला पैशाची हाव सुटली. पैसा होताच. पहिल्या भागानेच शंभर कोटी डॉलर्सचा आकडा ओलांडला. पण हा पैसा दिला कुणी? मी दिला. तिन्ही भागांना, पहिल्याच आठवड्यात. शिव्या घालत का होईना, गेले. आणि जाताना मनात काय होतं? लेगोलस दिसेल का, गॅलाड्रिएल येईल का, ते संगीत पुन्हा वाजेल का. ट्रेलरमध्ये फ्रोडोची झलक दिसली तेव्हा टाळ्या आपणच वाजवल्या. आपल्याला ‘हॉबिट’ बघायचा नव्हताच. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’ पहिल्यांदा बघायचा होता, पुन्हा एकदा. ते कुणीच देऊ शकत नाही. सिनेमाने प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि छोट्या गोष्टीवर मोठ्या गोष्टीचा अंगरखा चढवला.

गंमत म्हणजे हा मोह खुद्द टोल्किनलाही झाला होता. १९३७च्या आवृत्तीत गॉलम ही अंगठी कोड्यांच्या पैजेत बक्षीस म्हणून लावतो. हरल्यावर ती सापडत नाही, म्हणून माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. अंगठी तोवर फक्त जादूची अंगठी होती. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’ लिहिताना ती जगाचा विनाश करणारी वस्तू झाली, मग असा दिलदार गॉलम कसा चालेल? म्हणून त्याने ते प्रकरण बदललं आणि १९५१च्या आवृत्तीत नवं रूप छापलं गेलं. त्यात अदृश्य झालेला बिल्बो तलवार हातात असूनही गॉलमला मारत नाही. त्याला दया येते. तो त्याच्यावरून उडी मारून निघून जातो.

दोन्ही पुस्तकांना जोडणारा सर्वांत मोठा धागा, ज्याच्यामुळे शेवटी अंगठी नष्ट होते, तो मूळ गोष्टीत नव्हताच. नंतर घातला. म्हणजे मागे जाऊन गोष्ट बदलणं हे पाप नाही. पण १९६० मध्ये टोल्किन आणखी पुढे गेला. अख्खं ‘हॉबिट’ थोरल्या पुस्तकाच्या गंभीर सुरात नव्याने लिहायला घेतलं. काही प्रकरणं झाल्यावर सोडून दिलं. सांगतात, की ज्या व्यक्तीला ते वाचायला दिलं होतं तिचं म्हणणं पडलं, छान आहे, पण हे ‘हॉबिट’ नाही. जॅक्सनने २०१२ मध्ये जे केलं, ते टोल्किनने करून बघून अर्ध्यात सोडलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : मागे जाऊन एक छोटी गोष्ट ठेवली, तर पुढचं सगळं बदलतं. मागे जाऊन पुढचंच सगळं पुन्हा दाखवलं, तर काहीच बदलत नाही. आणि हे पारखायला पुस्तक हाताशी असावं लागत नाही. ‘हॉबिट’च्या तिसऱ्या भागात सोन्याच्या मोहाने वेडावत चाललेला थोरिन बिल्बोला दरडावून विचारतो, हातात काय लपवलंयस? बिल्बो मूठ उघडतो. ओकच्या झाडाचं बी. घरी नेऊन बागेत लावायचं म्हणून जपून ठेवलेलं. थोरिनच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना माणूस परत येतो. हा प्रसंग पुस्तकात नाही, पण त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. लढाईनंतर गँडाल्फ बिल्बोशेजारी येऊन बसतो आणि काही न बोलता चिलीम साफ करत राहतो, तोही असाच. दोन्ही ठिकाणी दोन माणसं आहेत, आणि त्यांना आपलं काही दाखवून द्यायचं नाही.

तिसरा भाग येऊन महिना होतो न होतो तोच एका फॅनने तिन्ही सिनेमे कापून साडेचार तासांचा एक केला. प्रेमप्रकरण गेलं, म्हातारा बिल्बो गेला. पुढे इतरांनीही आपापल्या आवृत्त्या केल्या. मला हे लोक आवडतात. नुसतं बोटं मोडत बसण्यापेक्षा कात्री हातात घेतलेली बरी. कापायला बसलं, की निदान काय ठेवायचं तेही ठरवावं लागतं. मी बारा वर्षं फक्त काय काढायचं तेवढंच सांगत होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाऊ आणि मी ‘फेलोशिप ऑफ द रिंग’ लावला. मोरियाच्या अंधारात फ्रोडो म्हणतो, बिल्बोने तेव्हाच गॉलमला मारलं असतं तर बरं झालं असतं. गँडाल्फ त्याला समजावतो, दयेनेच त्याचा हात आवरला होता. मी हा प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा ते फक्त शहाणपणाचे शब्द होते. कोण बिल्बो, कुठली गुहा, माझ्या डोळ्यांसमोर काही नव्हतं. भावाने ‘हॉबिट’ आधी बघितलेला. तो म्हणाला, “लहान असताना इथे आलो ना, तेव्हा मला मार्टिन फ्रीमनचा चेहरा आठवला होता. तलवार गॉलमच्या गळ्याशी, आणि तो थांबतो.”

मला जे पुढून मागे जाताना कधी मिळालं नाही, ते त्याला मागून पुढे येताना नवव्या वर्षीच मिळालं होतं. ज्या सिनेमाने ते दिलं, त्याच्या इंटरव्हलला मी त्याला यादी वाचून दाखवत होते.

आम्ही पुढचा रविवार ठरवलाय. ‘हॉबिट’चा पहिला भाग, संपूर्ण, न कापलेला. सशांची गाडी आली की मी गप्प बसायचं, असं ठरलंय.