न्या. पाल यांचें भिन्नमत : एक परीक्षण

टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायमंडळानें १९४८ सालीं २५ जपानी पुढाऱ्यांस दोषी ठरविलें. त्यांपैकीं ७ जणांस फांशी झाली. ११ न्यायाधीशांपैकीं न्या. राधाविनोद पाल यांनीं मात्र सर्वांस निर्दोष मानलें. त्यावरून जपानी सैन्यानें अत्याचार केलेच नाहींत, असें कित्येक प्रतिपादितात. पण मूळ निकालपत्रास तें धरून नाहीं. नागरिकांवर व युद्धकैद्यांवर अत्याचार झाल्याचा पुरावा प्रबळ आहे, हें पाल यांनीं स्वतःच मान्य केलें आहे.

आक्रमक युद्धाचा गुन्हा मागाहून केलेल्या कायद्यानें ठरवूं नये, हा त्यांचा मुद्दा सबळ आहे. परंतु पुढाऱ्यांच्या आज्ञेचा पुरावा नाहीं, हा दुसरा मुद्दा लंगडा वाटतो. आरोप केवळ आज्ञेचा नव्हता. अत्याचार थांबविण्याच्या कर्तव्यांत कसूर केल्याचाहि होता. शिवाय १९४५ च्या ऑगस्टांत जपानी सरकारी दप्तरें हुकुमानें जाळण्यांत आलीं. जाळलेल्या दप्तराचें मौन आरोपीच्या बाजूचा साक्षीदार मानणें संशोधनाच्या पद्धतींत बसत नाहीं. वरिष्ठांची ही जबाबदारी १९९८ च्या रोम कराराच्या २८ व्या कलमानें स्पष्ट नमूद केली आहे. सारांश, पाल यांचा कायद्याविषयींचा प्रश्न ग्राह्य, पुराव्याविषयींचा निष्कर्ष अग्राह्य होय.