प्रवासप्रधान कादंबरी

जिच्या कथानकात प्रवास हा केवळ एक प्रसंग नसून रचनेचा आधार असतो, अशी कादंबरी. प्रवासवर्णनात पाहिलेल्या प्रदेशास प्राधान्य असते. येथे मात्र पाहणाऱ्या व्यक्तीचे काय होते, यास महत्त्व असते. घर सोडणे, अनोळखी माणसांत वावरणे आणि परतणे किंवा न परतणे, एवढ्या साध्या आराखड्यात विविध स्थळे, सामाजिक थर व बोली सहज सामावतात. ही सोय हेच या प्रकाराचे बळ आणि हाच त्याचा धोकाही होय. प्रसंग नुसते एकापुढे एक मांडले गेले, तर त्यांचा क्रम बदलूनही काही बिघडत नाही. एक टप्पा पुढच्या टप्प्यास अपरिहार्य करतो की नाही, ही या कादंबऱ्यांची खरी कसोटी ठरते.

लाझारिल्यो दे तॉर्मेस (१५५४) या अनामिक स्पॅनिश कृतीतील गरीब मुलगा एका धन्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येकाचा दांभिकपणा उघडा पडतो. थेरव्हांतेसच्या दोन किखोते (१६०५, १६१५) या कादंबरीत भटकंतीस वैचारिक अधिष्ठान लाभले. नायकाच्या मनातील शौर्यकथांचे जग आणि रस्त्यावरील खानावळी, खेचरवाले, पवनचक्क्या यांचा संघर्ष तीत आहे. गोगोलच्या मृत आत्मे (१८४२) या कादंबरीचा नायक चिचिकोव्ह हा मृत, पण करनोंदीत अद्याप जिवंत असलेले भूदास विकत घेत गावोगाव हिंडतो. येथे प्रवास हाच व्यापार असल्याने जमीनदारांच्या भेटी सैल वाटत नाहीत.

मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिन (१८८४) या कादंबरीत मिसिसिपी नदीचा प्रवाहच कथेस अर्थ देतो. पळालेला गुलाम जिम यास मुक्त राज्यांकडे जावयाचे असते. परंतु धुक्यात कैरो हे संगमावरील गाव मागे पडते व तराफा दक्षिणेस गुलामगिरीच्या प्रदेशात वाहत जातो. म्हणूनच टॉम सॉयरच्या पोरखेळाने व्यापलेली अखेरची प्रकरणे अनेक समीक्षकांना उणी वाटली आहेत. ज्या प्रवासात एकाचे स्वातंत्र्य पणास लागले होते, त्याचे तेथे खेळात रूपांतर होते.

मराठी कादंबरीचा आरंभच पर्यटनाने झाला. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत यमुना पती विनायकासह प्रवासास निघते व ठिकठिकाणच्या विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडते. धर्मप्रचाराचा हेतू उघड असल्याने अनेक भेटी दृष्टांतासारख्या वाटतात आणि संवाद प्रवचनाच्या वळणाने जातात. तथापि विनायकाच्या मृत्यूने रचना एकाएकी घट्ट होते. आतापर्यंत जी पाहणारी होती, तीच पाहिली जाणारी होते. पतीच्या सोबतीने लाभलेली संचाराची मोकळीक किती उसनी होती, हे लेखकाने भाष्याने न सांगताही उमगते. धर्मांतर व पुनर्विवाह या तिच्या जीवनातील पुढील घटनांपेक्षा हा क्षण कलादृष्ट्या अधिक प्रभावी आहे.

विश्राम बेडेकर यांच्या रणांगण (१९३९) या कादंबरीतील प्रवास याहून वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली यूरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही नाझींच्या छळामुळे परागंदा झालेली जर्मन ज्यू तरुणी यांची प्रीती जडते. स्थळे जवळजवळ नाहीतच; बोटीचे बंदिस्त अवकाश व सरत जाणारे दिवस एवढ्यावरच कथेचा ताण उभा राहतो. मुंबईस चक्रधरचा प्रवास संपतो. हॅर्टाचा संपत नाही. एकासाठी जी परतीची वाट, तीच दुसरीसाठी निराश्रित होण्याची, हा विरोध बेडेकरांनी मोजक्या शब्दांत साधला आहे.

गो. नी. दांडेकर यांच्या कुणा एकाची भ्रमणगाथा या कादंबरीस नर्मदापरिक्रमेची पार्श्वभूमी आहे. परिक्रमा जेथून निघाली तेथेच पूर्ण व्हावयाची असल्याने गंतव्यस्थानाविषयी कुतूहल उरत नाही. सारा भर यात्रिकाच्या अंतःस्थितीवर येतो.

या कृती एकत्र पाहिल्या असता असे दिसते, की प्रवास सर्वांना सारखा मोकळा करीत नाही. चिचिकोव्ह वा चक्रधर यांना रस्ता खुला असतो. जिम, यमुना व हॅर्टा यांना तो पावलोपावली अडवतो. वाटेतील वैचित्र्यापेक्षा ही विषमता जेथे कथानकाचे सूत्र बनते, तेथे या प्रकाराने आपले सामर्थ्य सिद्ध केले आहे.